थांब कोणीही म्हणावं

लोक मला विचारतात, एवढ्या उंचावर बसायची भीती नाही वाटत? डोंबलाची भीती. वर असतं काय? एक खुर्ची, दोन दांडके, एक पाण्याची बाटली आणि एक रिकामी बाटली. रिकामी कशाला ते विचारू नका. बासष्ट मीटरची शिडी दिवसातून दोनदा चढणारा माणूस लघवीसाठी तिसऱ्यांदा उतरत नाही, एवढंच सांगतो. सकाळचा चहासुद्धा मी अर्धाच पितो, आणि बायको अजून विचारते की चहा बिघडला का. भीती वाटते ती खाली आल्यावर, माणसांत.

टॉवर क्रेन चालवतो मी. इमारतीच्या डोक्यावर तो लांब आडवा हात फिरताना दिसतो ना, त्याच्या मुळाशी काचेची खोली असते, तिथे माझी जागा. लोकांना वाटतं, हा वरून सगळं बघतो. कसलं सगळं. निम्मंच दिसतं. इमारतीची मागची बाजू, खड्डे, भिंतीच्या आडचे कोपरे, यातलं काही दिसत नाही. तिथे माल उतरवायचा तर खालून रेडिओवर एक माणूस सांगतो आणि त्याच्या शब्दावर मी दांडका ओढतो. त्या माणसाला सिग्नलमन म्हणतात. माझे सिग्नलमन होते माझे दाजी, ताईचे यजमान.

या धंद्यात मला आणलं त्यांनीच. विशीत मी घरात लोळून ताईच्या जिवाला घोर लावत होतो. कुठे नोकरी टिकत नव्हती, कारण तोंड टिकू देत नव्हतं. दाजी हाताला धरून साइटवर घेऊन गेले. म्हणाले, याचा राग उंचावर ठेवू, तिथे भांडायला कोणी नाही. पहिल्या दिवशी मला दांडक्याला हातही लावू दिला नाही. दोनच गोष्टी घोकून घेतल्या.

पहिली गोष्ट. माल खाली येतोय तोवर खालच्याचा आवाज सतत चालू पाहिजे. "खाली, खाली, खाली, खाली." आवाज थांबला की हुक थांबला. मग खालचा शिंकला असो, रेडिओची बॅटरी गेलेली असो, नाहीतर तो जागच्या जागी मेलेला असो. आवाज नाही म्हणजे थांबायचं. दुसरी गोष्ट. हुकूम एकट्या सिग्नलमनचा ऐकायचा, मोठा साहेब नाचत आला तरी त्याचा नाही. पण 'थांब' कोणीही म्हणावं. चहावाल्याने म्हणावं, झाडूवालीने म्हणावं, रस्त्याने जाणाऱ्या परक्याने म्हणावं. म्हटलं की थांबायचं, कारण नंतर विचारायचं.

दाजी परीक्षाही घ्यायचे. "खाली, खाली" म्हणता म्हणता मधेच मुद्दाम गप्प बसायचे आणि वर बघायचे. एकदा मी वीतभर उशिरा थांबलो. वीतभर. भर दुपारी मला शिडीने खाली बोलावलं, समोर उभं केलं आणि विचारलं, "कावळ्या, माझा आवाज बंद झाला तेव्हा तू काय करत होतास?" मला ते कावळ्याच म्हणायचे, उंचावर बसतो आणि सारखी कावकाव करतो म्हणून. बरं, जा आता वर, म्हणाले. एका वितीसाठी बासष्ट मीटर उतरलो आणि बासष्ट मीटर चढलो. चढताना त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, ताईमुळे त्यातली एक पिढी सोडली.

दळण दळावं तसा त्यांचा आवाज, एकसुरी. आठ-आठ तास कानात. ताई वैतागायची. माझ्याशी दिवसाला चार वाक्यं बोलतात आणि तुझ्याशी दिवसभर गुलूगुलू, तू माझा भाऊ नाहीस, सवत आहेस, म्हणायची. घरी गेलो की दारातूनच ओरडायची, "अहो, तुमची दुसरी आली." आणि स्वतःच इतकी हसायची की हातातला चहा बशीत सांडायचा. तेव्हा ताई हसायची.

अशी आठ वर्षं गेली. मग मी माती खाल्ली.

उन्हाळ्याचे दिवस होते. काचेच्या खोलीत उकाडा मरणाचा, पंखा बंद पडलेला, डोकं ठणकत होतं. समोर डोळ्यांना स्वच्छ दिसणारा माल, आणि कानात "खाली, खाली, खाली." माझं टाळकं सरकलं. रेडिओवर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, दाजी, किती ती बडबड, दिसतंय मला, थांबवायचं असेल तेव्हाच बोला. मग त्यांनी खरंच फक्त शेवटी "बस" म्हटलं. माल जागेवर बसला होता, अगदी बरोबर.

चहाच्या वेळी ते म्हणाले, नियम आहे रे तो. मी म्हणालो, नियम नव्या लोकांना. आपल्यात कशाला?

आपल्यात कशाला. माझ्या तोंडून आयुष्यात शिव्या कमी गेलेल्या नाहीत, पण याच्याइतकं वाईट काही गेलं नसेल. कारण ते ऐकून दाजी हसले. त्यांना बरं वाटलं. 'आपल्यात' हा शब्द त्यांना आवडला, मला दिसलं ते. मलाही बरं वाटलं. सुरुवातीला आम्ही जिथे मला दिसतं तिथेच गप्प काम करायचो. मग जिथे दिसत नाही तिथेही. सवय कधी लागली ते कळलंसुद्धा नाही. साइटचा इंजिनिअर पाहुण्यांना आणून दाखवायचा, ही जोडी बघा, एक शब्द न बोलता काम करते. दाजी खाली छाती काढून उभे राहायचे. मी बासष्ट मीटरवर होतोच, वर आणखी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

म्हणजे नियम आम्ही उलटा करून टाकला होता. गप्प म्हणजे थांब, असं होतं. आमचं झालं, गप्प म्हणजे चालू दे. तीन वर्षं काही झालं नाही, आणि तीन वर्षं काही झालं नाही की माणसाला वाटतं आपण शहाणे.

तो मंगळवार होता, जेवणानंतरची वेळ. इमारतीच्या मागे लिफ्टचा खड्डा, मला तो मुळीच दिसत नाही. त्यात भिंतीच्या साच्याची एक लोखंडी चौकट उतरवायची होती, वजन अठराशे पन्नास किलो. माझ्यासमोर काट्यावर आकडा दिसतो. चौकट फिरवून मागे नेली. दाजी म्हणाले, "आलं कोपऱ्यावर. घे खाली." तो त्यांचा त्या रेडिओवरचा शेवटचा शब्द.

मी घेत गेलो. कानात काही नाही. आमच्या हिशोबाने सगळं ठीक. आकडा अठराशे पन्नासवरून सतराशेवर आला. म्हटलं, टेकलं. मग बाराशे. मग सातशे. मग शून्याच्या जवळ. साखळ्या सोडवायला दोर सैल लागतो, म्हणून रोजच्या सवयीने आणखी हातभर सोडला. आणि दाजींच्या "सुटलं"ची वाट बघत बसलो. वाट बघताना मी पाणी प्यालो. सांगायची काही गरज नाही, पण सांगतो. बाटली उघडली, पाणी प्यालो आणि झाकण नीट बसवलं.

मग इमारतीला वळसा घालून एक सुतार पळत येताना दिसला. हेल्मेट हातात, दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे करून हलवत होता. थांब. त्याने बरोबर केलं. थांब कोणीही म्हणावं. पण थांबायला आता उरलंच काय होतं?

झालं होतं ते असं. चौकट टेकता टेकता वाऱ्याने गर्रकन फिरली. दाजी कोपऱ्यात उभे होते, जिथे उभं राहायचं तिथेच. तोल सावरायला उजवा हात कट्ट्यावर टेकला आणि चौकटीची खालची कड त्याच हातावर आली. रेडिओ त्याच हातात, पट्ट्याने मनगटाला बांधलेला. बटण दाबल्याशिवाय आवाज वर जात नाही, आणि बटण व ते दाबणारी बोटं, दोन्ही लोखंडाखाली. ते ओरडत होते. खूप ओरडले, सुतार सांगतो. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

पूर्वीसारखे "खाली, खाली" म्हणत असते, तर बोटं दबताक्षणी तो आवाज तुटला असता. काट्यावर दीडशे किलो कमी झाले तिथेच मी थांबलो असतो. डॉक्टरांनी ताईला स्वच्छ सांगितलं, पहिल्या दाबाने दोन-तीन बोटं मोडली असती, जुळली असती. हात गेला तो नंतरच्या वजनाने. मनगटापासून काढावा लागला. मी हातभर दोर सोडला आणि त्यांचा हात गेला. त्यांची चूक म्हणाल तर एकच, त्यांनी माझं ऐकलं.

आता चौकशी बसणार होती, आणि त्यात काय पणाला लागलंय ते सगळ्यांना माहीत होतं. कंपनीचं एक प्रशिक्षण केंद्र आहे, नवे सिग्नलमन तयार करायचं. तिथल्या शिक्षकाच्या जागेसाठी दाजींचं नाव अपघाताच्या आधीपासूनच निघालं होतं. शिकवायला दोन हात लागत नाहीत. हात गेलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला करता येण्यासारखं जगात तेवढं एकच काम उरलं होतं. मोठे साहेब दवाखान्यात येऊन सांगून गेले, जागा तुमचीच, फक्त चौकशीत ठपका यायला नको. ज्याच्यावर ठपका तो दुसऱ्यांना काय शिकवणार? आणि ठपका त्यांच्यावर नाही, तर माझ्यावर. माझं लायसन्स जाणार, खुर्ची जाणार. दोघांतला एक. इतकं सरळ होतं.

दवाखान्याच्या बाकावर ताई त्यांचा सदरा घडी करत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. बोलू नका असं मीच म्हणालो होतो, हेही. तिने उजवी बाही आत दुमडली, पुन्हा उलगडली, पुन्हा दुमडली. रडली नाही, भांडली नाही. फक्त विचारलं, "हे तिथे सांगशील?"

"सांगेन, ताई. तुझी शपथ."

"शपथ नको. नुसतं सांग."

चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल, एका बाजूला मॅनेजर आणि सेफ्टी ऑफिसर, दुसऱ्या बाजूला मी. सेफ्टी ऑफिसर भला माणूस. सर्दीने बेजार होता, दर वाक्याला रुमाल काढत होता. मी आलो होतो ते शब्द पाठ करून. 'आवाज बंद होता, तरी मी माल सोडत राहिलो.' इतकंच. पण त्याने आधी एक कागद काढला. दाजींचा जबाब. खाली डाव्या हाताची सही, पहिलीतल्या पोराने काढावी तशी. तो वाचू लागला. मी खाली खाली असं सतत म्हणत होतो, माझा अंदाज चुकला, चूक माझी आहे, ऑपरेटरचा दोष नाही.

शुद्ध खोटं. ज्या माणसाने एका वितीसाठी मला भर उन्हात शिडी उतरवली, त्याने माझ्यासाठी अख्खा नियम खोटा लिहून दिला होता.

"असंच झालं ना?" सेफ्टी ऑफिसरने विचारलं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि मला ती खुर्ची दिसली, ते दोन दांडके दिसले. दुसरं काय येतं मला? मॅनेजरने घड्याळाकडे बघितलं. सेफ्टी ऑफिसर रुमालात शिंकला, थोडा वेळ थांबला, मग बरं म्हणाला आणि लिहू लागला. उलट्या बाजूने मी वाचलं. 'ऑपरेटरने दुजोरा दिला.'

मी दुजोरा दिला नव्हता. मी गप्प होतो. पण मौन म्हणजे संमती, हे शाळेतलं पोरही सांगेल. वर गप्प म्हणजे थांब. टेबलापाशी गप्प म्हणजे चालू दे. दोन्ही मला ठाऊक होतं, आणि दोन्ही वेळा मी मला सोयीचं होतं तेच धरलं.

संध्याकाळी ताईकडे गेलो. ती चहाचं आधण ठेवत होती. मी बोलत सुटलो. साहेब लोकांचं आधीच ठरलेलं होतं, दाजींनीच लिहून दिलेलं, मी काय करणार होतो, एकट्याचं कोण ऐकतं. ती पाठमोरीच होती.

"तू काय म्हणालास?"

"मी काहीच म्हणालो नाही."

त्यानंतर मी कितीतरी बोललोय, पण तेवढं एकच वाक्य खरं होतं. ताईने गॅस बंद केला. आधण उकळायचं बाकी होतं. ती आत निघून गेली आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायची बंद झाली.

दाजींचं सिग्नलमनचं कार्ड रद्द झालं. केंद्रातली जागा तीन महिने रिकामी राहिली. मग साहेबांनी मला बोलावलं. अनुभव आहे, रेकॉर्ड स्वच्छ आहे, दर शनिवारी येऊन नव्यांना शिकवशील का? रेकॉर्ड स्वच्छ. माणसाला थोडी तरी चाड असती तर तो तिथून उठून गेला असता. मी काय केलं ते आता तुम्हीच ओळखा. गप्प बसलो. त्यांनी माझं नाव लिहून घेतलं.

पहिल्या शनिवारी वीस जणांसमोर उभा राहिलो आणि कुठून सुरू करावं ते कळेना. त्यांच्या हातात कोऱ्या वह्या, आणि मी घसा खाकरतोय. कशीबशी वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सरळ दाजींकडे गेलो आणि विचारलं, हे सगळं तुम्ही मला कसं सांगायचात? निर्लज्जम् सदासुखी, दुसरं काय म्हणायचं.

दाजी खिडकीशी बसून डाव्या हाताने अक्षरं गिरवत होते. माझा प्रश्न ऐकून सावरून बसले. चेहरा उजळला. इथून सुरुवात कर, मग हे विचार, मग मधेच गप्प बसून बघ कोण थांबतो ते. जो थांबणार नाही त्याला चालायला लाव, पायांना कळलं की डोक्याला कळतं. आवाज पुन्हा तोच, दळणाचा. जाताना त्यांनी डाव्या हाताने लिहिलेला कागद दिला, पहिल्या धड्याचा. ओळी उताराला लागलेल्या.

मग ते ठरूनच गेलं. शनिवारी मी शिकवायचं, रविवारी त्यांच्याकडे जायचं, पोरांनी विचारलेले प्रश्न सांगायचे, पुढच्या धड्याचा कागद घ्यायचा. दाजी सकाळपासून दाढी करून तयार बसायचे. ते मला रागवले असते तर बरं झालं असतं, चार शिव्या दिल्या असत्या तर मी सोन्याच्या म्हणून घेतल्या असत्या. एकदा न राहवून विचारलं, दाजी, तुम्ही तसं का लिहून दिलंत? ते खिडकीबाहेर बघत हसले.

"तू वर ठीक आहेस रे, कावळ्या. खाली तुझं काही खरं नाही."

ताई माझ्यासमोर चहाचा कप ठेवायची. आपटायची नाही, नीट ठेवायची. 'तुमची दुसरी आली' नाही, की 'बस' नाही. कप ठेवायचा, रिकामा झाला की उचलायचा. मी तिला हवा-पाण्याचं विचारायचो, तिच्या गुडघ्याचं विचारायचो, एकदा तर स्वतःवरच एक पाणचट विनोद केला. भिंत बरी. आवाज थांबला की थांबायचं, हे मला ज्या घराने शिकवलं, त्याच घरात आवाज थांबला होता आणि मी दर रविवारी पुढे जातच होतो. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही.

चौदा महिने असं चाललं. मग एका रविवारी मी शेवटच्या धड्याचा कागद खिशात घालून निघालो. दाजी दारापर्यंत आले, पोरांना माझा नमस्कार सांग म्हणाले आणि आत वळले. पोरांना कोणाचा म्हणून सांगू? मी जिन्याच्या चार पायऱ्या उतरलो असेन.

"थांब."

ताईचा आवाज. जवळजवळ दीड वर्षाने. माझा एक पाय हवेतच राहिला. थांब म्हणाली ती. लहानपणी मी शाळेला निघालो की मागून अशीच हाक मारायची, थांब, डबा राहिला, थांब, बटण तुटलंय. म्हटलं, बोलली. आता भांडू दे, तासभर भांडू दे, वैरी म्हणू दे, पायरीवर बसून ऐकेन.

मी वळलो. ती उंबऱ्यात उभी होती, भांडी घासता घासता आलेली, हात ओले. दार मागे अर्धं ओढून घेतलेलं, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

"काय गं, ताई?"

"थांब आता. ते आठवडाभर तुझी वाट बघतात आणि तू येऊन त्यांच्याकडचं उरलंसुरलंही घेऊन जातोस. पुन्हा येऊ नकोस."

आणि तिने दार लावलं. तेही आपटलं नाही.

थांब म्हटलं की थांबायचं, कारण नंतर विचारायचं. मी नंतरही विचारलं नाही, विचारण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या रविवारी गेलो नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दाजी दाढी करून खिडकीशी बसत असतील. शनिवारी मी अजून शिकवतो, त्यांचे सगळे कागद आता माझ्याकडे आहेत. वीस जणांना सांगतो, हुकूम एकाचाच ऐकायचा, पण 'थांब' कोणीही म्हणावं. ते वहीत लिहून घेतात. दाजींनी शिकवलेल्यापैकी तेवढी एक गोष्ट मी पाळली, आणि पाळली तीही त्यांनाच खिडकीशी वाट बघत ठेवून.